यूरिक अम्ल आणि हृदय-चयापचय आरोग्य

प्यूरिनांच्या (डीएनए, आरएनए इत्यादींतील नत्रयुक्त घटकांच्या) विघटनातून मानवी शरीरात अखेरीस उरणारा पदार्थ. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज हे विकर (एंझाइम) त्याचे पुढे रूपांतर करते. माणसात या विकराचे जनुक निकामी झालेले आहे. सुमारे दोन-तृतीयांश अम्ल मूत्रावाटे व उरलेले आतड्यावाटे बाहेर पडते.

रक्तातील प्रमाण निरोगी पुरुषांत साधारण ३.५ ते ७.२, तर स्त्रियांत २.६ ते ६ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर असते. इस्ट्रोजेनमुळे मूत्रावाटे उत्सर्जन वाढते, म्हणून ऋतुनिवृत्तीनंतर हा फरक घटतो. सुमारे ६.८ मिग्रॅ.च्या पुढे यूरेटचे (यूरिक अम्लाच्या लवणाचे) स्फटिक बनू शकतात. ही विद्राव्यतेची मर्यादा आहे, हृदयविकाराच्या धोक्याची नव्हे; अहवाल वाचताना दोहोंची गल्लत नेहमी होते.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७६ मध्ये मुतखड्यातून हे अम्ल वेगळे केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज वैद्य गॅरड यांनी ते रक्तात दाखवण्याची सोपी कृती दिली : उथळ काचपात्रातील रक्तद्रवात थोडे ॲसेटिक अम्ल मिसळून त्यात धागा ठेवायचा. गाऊटच्या (सांध्यांत यूरेटचे स्फटिक साचून होणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णाचा रक्तद्रव असल्यास एक-दोन दिवसांत धाग्यावर स्फटिक जमत.

वाढलेले यूरिक अम्ल उच्च रक्तदाब, स्थूलता, मधुमेह व हृदयविकार यांच्यासोबत आढळते. ते कारण की केवळ खूण, हा वाद जुना आहे. कारणपक्षाला २००८ च्या एका चाचणीचा आधार आहे : नव्याने उच्च रक्तदाब आढळलेल्या ३० किशोरांत ॲलोप्यूरिनॉल या यूरिक अम्ल घटवणाऱ्या औषधाने रक्तदाब उतरला. चाचणी लहान, रुग्ण कोवळ्या वयाचे; त्यावरून प्रौढांविषयी फारसे ठरवता येत नाही. उलट, रक्तात इन्सुलिन जास्त असले की मूत्रपिंडे यूरेट अधिक प्रमाणात परत शोषतात, म्हणजे चयापचयातील बिघाडच यूरिक अम्ल चढवतो. जनुकाधारित अभ्यासांतही हृद्‌रोहिणीविकार (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचा विकार) व मधुमेह यांबाबत कारणसंबंधाला ठोस दुजोरा मिळालेला नाही. ब्रिटनमधील ऑल-हार्ट चाचणीत (२०२२) साठी ओलांडलेल्या ५,७०० हून अधिक हृद्‌रोग्यांना ॲलोप्यूरिनॉलचा लाभ दिसला नाही. त्यामुळे खूण मानणारे मत आज अधिक सयुक्तिक वाटते. निरोगी, लक्षणरहित प्रौढाला केवळ आकडा उतरवण्यासाठी औषध सहसा देत नाहीत. कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तशर्करा व मेद मात्र तपासून घ्यावेत.

एकाच मोजमापावर विसंबू नये. दीर्घ उपवासात व अतिश्रमानंतर कीटोने (मेदाच्या विघटनातून बनणारी संयुगे) आणि लॅक्टेट (स्नायूंत बनणारे लॅक्टिक अम्लाचे रूप) यूरेटचे उत्सर्जन अडवतात. मद्य, निर्जलीकरण, थायाझाइड मूत्रले (लघवी वाढवणारी औषधे) व अल्प मात्रेतील ॲस्पिरिन यांनीही आकडा फुगतो, तर लोसार्टन या रक्तदाबावरील औषधाने उतरतो. फ्रुक्टोजचा (फळशर्करेचा) परिणाम यकृतात होतो : त्याच्या फॉस्फरिलीकरणात (फॉस्फेट गट जोडला जाताना) एटीपी हे पेशींचे ऊर्जावाहक संयुग झपाट्याने खर्च होते आणि त्यातून उरलेल्या एएमपी या प्यूरिनयुक्त संयुगाचे यूरिक अम्ल बनते.

अतिशय कमी पातळी क्वचित आढळते. यूरेट परत शोषणाऱ्या वाहक प्रथिनांतील आनुवंशिक दोषामुळे ती येते, व अशा व्यक्तींत जोरकस व्यायामानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा होऊ शकते.