फॉल्स पॉझिटिव्ह (अँटीव्हायरसचा)

निर्धोक प्रोग्रामला अँटीव्हायरसनं व्हायरस समजून अडवणं किंवा क्वारंटाइनमध्ये (संशयित फाईल बाजूला कोंडून ठेवायची जागा) टाकणं. खान्देशात कॉम्प्युटर दुकानावर याला सरळ 'खोटा व्हायरस' म्हणतात आणि तक्रार बऱ्याचदा अहिराणीत येते, "भाऊ, अँटीव्हायरसनी फाईल खाई टाकी".

शब्दाच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. काही जण तो वैद्यकीय तपासण्यांतून आला म्हणतात, काही जण नेमन आणि इगॉन पिअर्सन या सांख्यिकीतज्ज्ञांनी साधारण १९३० च्या आसपास मांडलेल्या 'पहिल्या प्रकारच्या चुकी'कडे (नसलेली गोष्ट आहे असं ठरवणं) बोट दाखवतात. कल्पना सांख्यिकीची आणि शब्द दवाखान्याचा, असं धरलं तर फारसं बिघडत नाही. आपल्याकडे तो घरोघरी पोचला तो मात्र कोरोनाच्या टेस्टमुळे.

मूळ कारण असं की अँटीव्हायरस फक्त ओळखीच्या व्हायरसच्या सिग्नेचर, म्हणजे ओळखखुणा, जुळवत नाही, वागण्यावरून अंदाजही बांधतो. यूपीएक्सनं दाबून लहान केलेली फाईल, ऑटोइट किंवा पायइन्स्टॉलर या टूल्सनं बनवलेला प्रोग्राम, डिजिटल सही (बनवणारा कोण याचा पुरावा) नसलेला सेटअप, हे सगळं व्हायरसवालेही वापरतात म्हणून संशय येतो. मराठी टायपिंगची छोटी टूल्स यात हमखास सापडतात, कारण दाबलेली प्रत्येक की मधेच पकडून तिचं अक्षर बदलायचं हेच त्यांचं काम, आणि कीलॉगरही की तशाच पकडतो, फक्त चोरायला. सावदा-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याचं काटापट्टीचं जुनं सॉफ्टवेअर घ्या, कुणीतरी ओळखीच्यानं बनवून पेनड्राइव्हवर दिलेलं, सही नाही, वापरणारे मोजकेच, म्हणजे अँटीव्हायरसच्या लेखी नावलौकिकही शून्य. सकाळी अपडेट येतं, डेस्कटॉपवरचा आयकॉन पांढरा पडतो आणि ट्रक काट्यावर उभा.

मोठ्यांचंही चुकतं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ नंबरच्या अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एसव्हीसीहोस्ट ही फाईल व्हायरस ठरवली, कॉम्प्युटर परत परत रीस्टार्ट होत राहिले आणि नेटवर्क गेलं.

उपाय म्हणून अँटीव्हायरसच बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो, तो घेऊ नये. आधी इशाऱ्यातलं नाव बघावं, त्यात जेनेरिक (ठोस नाव नसलेलं), ह्युरिस्टिक (अंदाजावरचं) किंवा विंडोजच्या डिफेंडरमध्ये शेवटी 'एमएल' (मशीन लर्निंग) असेल तर तो बहुधा अंदाज असतो (अंदाज बरोबरही असू शकतो). मग बनवणाऱ्याकडून ताजा सेटअप घेऊन एसएचए-२५६ हॅश (फाईलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) त्यानं दिलेल्या हॅशशी जुळवावा. व्हायरसटोटलवर, जे २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं आणि २०१२ पासून गूगलकडे आहे, एकाच वेळी बऱ्याच कंपन्यांची अँटीव्हायरस इंजिनं फाईल तपासतात. तिथे दोन-तीन अनोळखी इंजिनंच ओरडत असतील तर चिंता कमी, पण हे काही मतदान नव्हे. आणि तिथे टाकलेली फाईल इतर कंपन्यांनाही मिळते, म्हणून गिऱ्हाइकांचा डेटा असलेली फाईल टाकू नये. खात्री पटली की क्वारंटाइनमधून रिस्टोअर करून तेवढ्याच फाईलला एक्सक्लूजन, म्हणजे तपासणीतून सूट, द्यावं, अख्ख्या सी ड्राइव्हला किंवा डाउनलोड्सला नाही, आणि अँटीव्हायरस कंपनीला नमुना पाठवावा.

क्रॅक आणि कीजेनवरचा (सॉफ्टवेअर फुकट चालवायला लायसन्स मोडणारे किंवा खोटी की बनवणारे प्रोग्राम) इशारा यात धरायचा का, हा वाद जुना आहे. वापरणारे तो खोटाच म्हणतात, कंपन्या 'नको असलेला प्रोग्राम' असं मधलं नाव देतात. कंपन्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण क्रॅकसोबत खरा व्हायरस येणं नवीन नाही.

कंपनीनं फाईल निर्धोक मानली तरी ती बऱ्याचदा त्याच हॅशपुरती, प्रोग्रामची नवी व्हर्जन बसवली की हॅश बदलतो आणि तोच इशारा परत येऊ शकतो.