खवलचोर, घोगरा, शिंगटी: मिशाळ माशांच्या शास्त्रीय नावांत मुरलेली मराठी

कृष्णेच्या खोऱ्यात चपट्या अंगाचा, वीतभरही न भरणारा एक मिशाळ मासा राहतो. त्याचे शास्त्रीय नाव पॅकिप्टेरस खवलचोर. या नावाचा पहिला शब्द, म्हणजे वंशाचे नाव, ग्रीक असून ‘जाड पराचा’ असा त्याचा अर्थ होतो, पण दुसऱ्या शब्दासाठी मराठी माणसाला कोणताही कोश उघडावा लागत नाही. खवले चोरणारा तो खवलचोर. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी लॅटिन प्रतिशब्द न शोधता हा मराठी शब्द जसाच्या तसा जातीचे नाव म्हणून ठेवला. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो, आणि अलीकडे त्याचे दात, जबडे व वागणूक बारकाईने तपासणाऱ्या संशोधकांनीही त्याची ही सवय पडताळून पाहिली आहे. या नावात आणखी एक खुबी आहे. इंग्रजीत ज्यांना कॅटफिश आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्यांना मार्जारमीन म्हणतात, त्या सगळ्या गणात खऱ्या अर्थाने खवले असलेला मासा सापडत नाही. त्यांची कातडी उघडी आणि बुळबुळीत असते, किंवा काही कुळांत तिच्यावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. म्हणजे ज्याच्या अंगावर स्वतःचा एकही खवला नाही, तो दुसऱ्याचे खवले लुटतो, आणि हे सगळे एका मराठी शब्दात जगभरच्या प्राणिशास्त्राच्या नोंदींत कायमचे लिहिले गेले आहे.

शास्त्रीय नावे म्हणजे लॅटिनचे अवघड उच्चार, अशी समजूत शाळेपासून आपल्या मनात बसलेली असते. मिशाळ माशांच्या बाबतीत, निदान भारतातल्या जातींच्या बाबतीत, ती बरीचशी चुकीची आहे. या नावांपैकी कितीतरी शब्द नदीकाठच्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे आहेत. ते आधी इंग्रजी लिपीत गेले, मग लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवले गेले, आणि या प्रवासात त्यांचा चेहरा इतका बदलला की आपलेच शब्द आपल्याला परके वाटू लागले.

दख्खनपुरती ही कहाणी मुख्यतः एका माणसापाशी येऊन थांबते. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक झाल्यामुळे तो दख्खनभर फिरला आणि फिरताना पक्षी, प्राणी व मासे यांच्या नोंदी करत गेला. दख्खनच्या माशांवरचे त्याचे काम १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पुण्याच्या नदीचा उल्लेख ‘मोटा-मोला’ असा येतो. ही आपली मुळा-मुठा. नदीच्या नावाचे जे झाले, तेच माशांच्या नावांचे झाले. त्याने लिहिलेली ‘सींगटी’ मोठ्याने वाचून पाहावी, म्हणजे तीत शिंगटी ऐकू येते. ‘सींघाला’ वाचावे, की शिंगाळा समोर उभा राहतो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी शिंग आहे, आणि ज्याने हा मासा हातात धरला आहे त्याला ते शिंग कुठे असते हे सांगावे लागत नाही. छातीच्या दोन्ही परांचा आणि पाठीच्या पराचा पहिला काटा हाडासारखा टणक असतो, कडेने बहुधा करवतीसारखा दातेरी असतो, आणि मासा घाबरला की तो काटा ताठ उभा करून खिळीसारखा अडकवून ठेवतो. मग तो पर दाबूनही मिटत नाही. आज शिंगटीचे अधिकृत नाव मिस्टस सींगटी आहे. मिस्टस हा शब्द मिशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असे मानले जाते. त्यामुळे मिशी ग्रीकांची आणि शिंग मराठ्यांचे, असा हा जोड जमला आहे. बराच काळ ही जाती गंगेच्या खोऱ्यातल्या मिस्टस कॅव्हॅसियसचेच दुसरे नाव मानली जात होती. पुढच्या अभ्यासात ती वेगळी ठरली आणि साइक्सने टिपलेला शब्द पुन्हा वापरात आला.

घोगऱ्याचे शास्त्रीय नाव आहे रिटा गोग्रा. घोगरा हा शब्द मराठी कानाला बसलेल्या आवाजाची आठवण करून देतो. अनेक मिशाळ मासे पकडल्यावर छातीच्या पराचा काटा त्याच्या खोबणीत घासून करकर असा आवाज काढतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे नाव विशेष भिडते. या नावातला रिटा हा भाग बंगालकडचा आहे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या वैद्याने गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानेही साइक्सप्रमाणेच, किंबहुना त्याच्या आधी आणि त्याहून अधिक प्रमाणावर, स्थानिक नावे उचलली: रिटा, पंगास, पाबदा, टेंगरा, मागूर, चाका. पुढे डच शास्त्रज्ञ ब्लीकर याने हॅमिल्टनच्या ‘रिटा’ या जातिनामाचाच वंश केला, आणि त्यातून रिटा रिटा असे दुहेरी नाव तयार झाले. वनस्पतींच्या नामकरणात अशी पुनरुक्ती चालत नाही, प्राण्यांच्या नामकरणात चालते. बगॅरियस बगॅरियस हे असेच दुसरे नाव. बंगालीतल्या ‘बाघाइड’ या शब्दावरून ते आले आहे. त्यातला वाघ मराठी वाचकाला लगेच दिसेल, आणि पिवळट अंगावरचे काळे पट्टे व रुंद जबडा पाहिला की तो पटेलही.

या नावांचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून मानली जाते, आणि नियम असा आहे की आधी दिलेले वैध नाव टिकते व साधारणपणे त्याचे मूळ वर्णलेखनही टिकते. वंश मात्र बदलू शकतो. मासा एका वंशातून दुसऱ्यात हलवला, की नाव देणाऱ्याचे नाव आणि साल कंसात जाते. म्हणूनच खवलचोराच्या पुढे ‘(कुलकर्णी, १९५२)’ असे छापलेले दिसते: कुलकर्णींनी त्याला निओट्रोपियस या नव्या वंशात ठेवले होते, आता तो पॅकिप्टेरसमध्ये मोडतो. वंशांची नावे अशी येत-जात राहतात, पण खवलचोर जागचा हलत नाही. साइक्सच्या कानाने टिपलेले आणि इंग्रजी धाटणीने लिहिलेले मराठी शब्दही याच नियमामुळे जवळजवळ दोनशे वर्षे जसेच्या तसे राहिले आहेत.

ग्रीक-लॅटिन नावे मात्र सगळीच कोरडी असतात असे नाही. काही नावांत माशाचे शरीरशास्त्र इतके नेमके उतरले आहे की त्यांचा अर्थ कळला की मासाच कळतो. शिंगी या माशाचे नाव हेटेरोन्यूस्टिस फॉसिलिस. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘वेगळ्या रीतीने श्वास घेणारा’. कल्ल्यांच्या पोकळीतून निघून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीकडे गेलेल्या दोन लांब हवेच्या पिशव्या या माशाला असतात. डबक्यातल्या पाण्यात प्राणवायू उरला नाही, तरी तो वर येऊन हवा घेतो आणि तग धरतो. फॉसिलिस या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘खणून काढलेला’. जीवाश्मासाठीचा इंग्रजी शब्दही याच मुळातून आला. चिखलातून उकरून काढावा लागणाऱ्या माशाला बर्लिनच्या ब्लॉख याने १७९४ साली हे नाव दिले.

त्याहून मला अधिक आवडते ते ग्लिप्टोथोरॅक्स हे नाव. त्याचा अर्थ ‘कोरलेल्या छातीचा’. हा मासा उलटा करून पाहिला तर छातीवर कातडीच्या बारीक घड्या एकमेकींना लागून असलेल्या दिसतात, जणू कोणी टोकदार छिन्नीने रेघा ओढल्या आहेत. याच घड्यांच्या आधाराने तो धावत्या पाण्यात खडकाला चिकटून राहतो. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली या वंशातल्या एका जातीला ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस हे नाव दिले, म्हणजे ‘पुण्याचा’. त्याच वर्षी त्यांनी पश्चिम घाटातल्या दुसऱ्या एका जातीला ब्रिटिश म्युझियममधल्या मत्स्यशास्त्रज्ञ एथेलविन ट्रेवावास यांचे नाव देऊन ट्रेवावासी केले. लॅटिन व्याकरणात पुरुषाच्या नावाला एक प्रत्यय लागतो आणि स्त्रीच्या नावाला दुसरा. त्यामुळे रोमन लिपीत लिहिलेल्या नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांवरूनच कळते की हा मान एका स्त्रीला दिला आहे. सायलोनिया चिल्ड्रेनी या दख्खनी माशाचे नाव वाचून मुलाबाळांची आठवण होते, पण तेही व्यक्तिनामच आहे: साइक्सने ते जॉन जॉर्ज चिल्ड्रेन या ब्रिटिश म्युझियममधल्या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिले होते.

व्यक्तिनामांत सर्वांत जुन्या काळातला माणूस ॲरिस्टॉटल. ‘ग्लॅनिस’ नावाच्या माशाचा नर अंड्यांजवळ चाळीस-पन्नास दिवस राखण करत बसतो, असे त्याने लिहून ठेवले होते. युरोपातल्या मोठ्या मिशाळ माशाच्या, सायल्युरस ग्लॅनिसच्या, माहितीशी ते वर्णन जुळेना, म्हणून पुढच्या निसर्गअभ्यासकांना ते खरे वाटत नव्हते. एकोणिसाव्या शतकात लुई आगासी या निसर्गअभ्यासकाने ग्रीसमधल्या अकेलूस नदीतले मासे मिळवून तपासले, तेव्हा ॲरिस्टॉटलचा मासा वेगळाच असल्याचे त्याच्या लक्षात आले. १८९० साली गार्मन या प्राणिशास्त्रज्ञाने त्या जातीला ॲरिस्टॉटलिस हे नाव दिले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका निरीक्षणाची ही पोच होती.

बाजारातली नावे आणि शास्त्रीय नावे शेजारी ठेवून वाचणे आज फार गरजेचे झाले आहे. महाराष्ट्रात ‘थाई मांगूर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या माशाच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, त्याचे शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपिनस. गॅरिप हे दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले नाव. थायलंडचे नाव व्यापाराने चिकटवले, मूळ गाव मात्र शास्त्रीय नावाने सांगितले. आपला देशी मागूर म्हणजे क्लॅरियस मागूर, ज्याला अनेक पुस्तकांत अजूनही क्लॅरियस बॅट्रॅकस असे छापतात. बॅट्रॅकस म्हणजे बेडूक. २००८ साली हे नाव जावा बेटावरच्या जातीपुरते निश्चित करण्यात आले, तेव्हा भारतातल्या माशासाठी हॅमिल्टनने दिलेले बंगाली नावच योग्य ठरते. योगायोग असा की मागूर आणि गॅरिपिनस ही दोन्ही नावे १८२२ सालीच दिली गेली, एक गंगेच्या काठच्या शब्दाने आणि एक आफ्रिकेच्या नदीच्या नावाने. ‘बासा’ म्हणून ताटात येणारा बिनकाट्याचा पांढरा तुकडाही पुष्कळदा पंगॅसिॲनोडॉन हायपॉफ्थॅल्मसचा असतो. हायपॉफ्थॅल्मस म्हणजे ‘खाली डोळा असलेला’. तुकड्याला डोळा नसतो, त्यामुळे तो ओळखता येत नाही. अख्खा मासा पाहिला तर मात्र डोळा डोक्याच्या बराच खाली, जबड्याच्या कोपऱ्याच्या पातळीला दिसतो. खरा बासा म्हणजे पंगॅसियस बोकुर्टी, ती जाती निराळी आहे.

केरळमध्ये विहिरींच्या तळाशी, जांभ्या खडकाखालच्या पाण्यात, डोळे नसलेले, रक्तासारखे लाल, बोटाच्या दोन पेरांएवढे मिशाळ मासे राहतात. त्यांच्या वंशाचे नाव होराग्लॅनिस: ग्लिप्टोथोरॅक्सच्या जातींना नावे देणारे होरा आणि ॲरिस्टॉटलचा ग्लॅनिस या एका शब्दात एकत्र आले आहेत. हे मासे जमिनीखाली राहत असल्याने कोणा संशोधकाने जाळे टाकावे आणि ते मिळावेत असे होत नाही. ते कधी विहीर उपसताना दिसतात, तर कधी घरातल्या नळातून पाण्याबरोबर बाहेर पडतात, आणि ज्याच्या बादलीत ते पडतात त्याने कळवले तरच ते विज्ञानापर्यंत पोहोचतात. राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी कळवलेल्या अशा नोंदींवरून २०२३ साली या वंशातल्या एका नव्या जातीचे वर्णन केले. साइक्सला शिंगटी आणि घोगरा हे शब्द सांगणाऱ्या कोळ्यांची नावे त्याच्या जातिनामांत कुठेही आली नाहीत. या नव्या जातीला मात्र संशोधकांनी केरळच्या सामान्य माणसांच्या सन्मानार्थ नाव दिले, होराग्लॅनिस पॉप्युली, म्हणजे ‘लोकांचा’.