वार पडण्याआधी चीक पाजावा का? खानदेशातल्या वासरू-संगोपनाची पार्श्वभूमी

कपाशीच्या रानात बैलजोडीशिवाय भागत नव्हतं, तोवर खानदेशात गोऱ्ह्याला दूध मोकळं सोडलं जाई. संकरित रेतन आलं, दूध डेअरीला जाऊ लागलं आणि हिशेब उलटला. कालवड हवी, गोऱ्हा नको. मग ट्रॅक्टर आले आणि २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. संकरित गोऱ्ह्याला गिऱ्हाईकच उरलं नाही. सॉर्टेड सीमेनच्या, म्हणजे कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडून भरलेल्या वीर्याच्या, कांड्यांना मागणी आली ती यामुळेच. त्यातून साधारण ९० टक्के कालवडी होतात.

एवढं बदललं, पण एक रूढी हलली नाही: वार (व्याल्यावर बाहेर पडणारी झार) पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही. आधी पाजलं तर वार अडकते, घट्ट चीक (व्याल्यानंतरचं पहिलं दूध) पचत नाही, हगवण लागते, अशी भीती त्यामागे आहे. या रूढीनं आजवर फार वासरं घालवली. गाई-म्हशीच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. आतडं ती अखंड शोषून घेतं ते पहिल्या काही तासांत. बारा तासांनी हे शोषण बरंच घटतं, चोवीस तासांनी जवळपास थांबतं. वार पडायला मात्र आठ-बारा तास सहज जातात. रात्री व्यालेल्या म्हशीची वार सकाळी पडेपर्यंत पारडूचा मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. उलट वासरानं आचळाला तोंड लावलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते.

तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक लागतो, त्यातला निम्मा दोन तासांच्या आत. उरलेल्याचा खरवस खुशाल करावा. हगवण लागते ती एकदम जास्त पाजल्यानं, न धुतलेल्या बादलीनं, ओल्या गोठ्यानं.

नाळेचंही तसंच. पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून त्याखाली कापावी आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावं. राख किंवा शेण लावलं की बेंबी पिकते, पुढे सांधे सुजतात आणि वासरू उभं राहत नाही. पारडूला जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्यानं पिपराझिन द्यावं. पारडू गेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग पान्हा सोडवण्यासाठी ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा गैरवापर सुरू होतो.

२०२२ च्या साथीत लम्पी हा जनावरांचा त्वचारोग राज्यात आधी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आढळला. तेव्हा लस टोचली गेली ती चार महिन्यांपुढच्या जनावरांना. त्याहून लहान वासरांना आधार होता तो लस घेतलेल्या आईच्या चिकाचा, आणि तोही वेळेत पाजला असेल तरच.