झाकण कोणत्या मालाचे? आयात शुल्काच्या वर्गीकरणामागचा इतिहास

नाशिकच्या एखाद्या वायनरीला बाटल्या बंद करण्याचे साहित्य परदेशातून आणायचे आहे, असे धरू. पोर्तुगालहून नैसर्गिक बूच मागवले तर ते भारताच्या सीमाशुल्क सूचीत ४५०३ या शीर्षकाखाली येते. बुचाचा चुरा चिकटवून, दाबून केलेले बूच असेल तर ४५०४. प्लॅस्टिकचे असेल तर ३९२३, अॅल्युमिनियमचे फिरकीचे झाकण असेल तर ८३०९, आणि युरोपातल्या काही वायनरी वापरतात तसे काचेचे असेल तर ७०१०. बाटली तीच, वाइन तीच, झाकणाचे कामही तेच. तरी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, भरताना पाच वेगवेगळे आकडे लिहावे लागतात. प्रत्येक आकड्यामागे शुल्काचा दर, सवलतीची अधिसूचना आणि व्यापार करारातली अट वेगळी असू शकते.

औषध कारखान्यांतही हाच प्रकार आहे. इंजेक्शनच्या कुपीवर रबरी बूच असते, ते सूचीच्या ४० व्या प्रकरणात जाते (शीर्षकाचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण). त्यावर आवळलेले अॅल्युमिनियमचे सील ८३ व्या प्रकरणात. रबर आणि अॅल्युमिनियम एकाच पुरवठादाराकडून, एकाच कंटेनरमध्ये आले तरी कागदोपत्री ती दोन वेगळ्या व्यापारांतली चीज ठरते.

हे असे का, याचे उत्तर आजच्या नियमांत शोधून सापडत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात वर्गीकरणाला फारसे महत्त्व नव्हते, कारण बहुतेक मालावर सरसकट एकच दर असे. १८६४ मध्ये सर्वसाधारण आयात शुल्क साडेसात टक्के झाले, १८७५ मध्ये पाच टक्के. मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली कापडावरचे शुल्क आधी गेले आणि १८८२ मध्ये जवळपास सगळीच आयात शुल्के रद्द झाली. पुढे सरकारी तिजोरीला ओढ लागली तेव्हा १८९४ च्या कायद्याने पाच टक्के पुन्हा आले. त्या काळात बाटलीचे बूच काय, काचेचा डाट काय, दोन्हींवर पाचच टक्के असतील तर वाद घालायला कोणाला कारणच उरत नाही.

पहिल्या महायुद्धाने हे बदलले. १९१६ मध्ये सर्वसाधारण दर साडेसात टक्के झाला, १९२१ मध्ये अकरा आणि १९२२ मध्ये पंधरा. त्याच सुमारास चैनीच्या मालासाठी वेगळा, चढा दर आला आणि १९२२ मध्ये तो तीस टक्क्यांवर गेला. दर दोन झाले की वस्तू कोणत्या दराखाली पडते, हा प्रश्न उभा राहतोच. सीमाशुल्काच्या इतिहासात मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वर्गीकरणाचे भांडण हे नेहमी दरांतल्या फरकातून जन्मते.

दुसरा बदल संरक्षक धोरणाचा. सरकारच्या शुल्क धोरणाचा विचार करणाऱ्या फिस्कल कमिशनच्या शिफारशीनंतर १९२३ मध्ये, कोणत्या उद्योगाला संरक्षण द्यावे हे तपासणारे टॅरिफ बोर्ड नेमले गेले आणि १९२४ च्या कायद्याने पोलाद उद्योगाला संरक्षण मिळाले. त्यात टिनप्लेट, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेला पातळ पोलादी पत्राही होता. जमशेदपूरजवळ गोलमुरीला टिनप्लेट कंपनीचा कारखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. त्याच्या पत्र्याचे मोठे काम रॉकेलच्या डब्यांचे, पण बाटलीचे बिल्ले आणि डब्यांची झाकणेही अशाच पत्र्याची. शुल्क आता तिजोरी भरण्यापुरते राहिले नाही, देशातल्या एका विशिष्ट कच्च्या मालाच्या उद्योगाला सांभाळण्याचे साधन झाले. आणि कच्चा माल सांभाळायचा तर सूचीची मांडणीही कच्च्या मालाप्रमाणेच सोयीची.

हाच विचार तेव्हा जगभर चालू होता. डिसेंबर १९१३ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत २९ देशांनी व्यापाराच्या आकडेवारीसाठी १८६ नोंदींची समान यादी मान्य केली होती. जिवंत प्राणी, खाद्यपेये, कच्चा माल, तयार माल आणि सोने-चांदी असे तिचे पाच गट होते. ती फार जुजबी होती. मग राष्ट्रसंघाने तज्ज्ञांकडून नवा आराखडा करून घेतला, तो १९३१ मध्ये तयार झाला आणि १९३७ मध्ये सुधारून निघाला. जिनिव्हा नामावली म्हणतात ती हीच. तिचा सांगाडा आजही टिकून आहे. प्राणिज, वनस्पतिज, खनिज अशा क्रमाने सुरुवात, प्रत्येक पदार्थाच्या कच्च्या रूपापासून तयार वस्तूपर्यंत चढत जाणारी मांडणी, आणि यंत्रे, वाहने, घड्याळे अशा मोजक्या वस्तूंसाठी शेवटी कामानुसार केलेली प्रकरणे. झाकण हे त्या मोजक्या मानकऱ्यांत बसले नाही. ते ज्या पदार्थाचे, त्या पदार्थाच्या प्रकरणात गेले.

त्या काळी हे नैसर्गिकच होते. बूच हा पश्चिम भूमध्य सागराकाठचा धंदा. बुचाच्या ओकाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात आणि आजही जगातले निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. काचेचे डाट काचवाल्यांचे, पत्र्याची टोपणे लोहारकामाच्या कारखान्यांची, मोहोर करायची लाख आपल्याकडची. लाखेचा मार्ग तर पाहण्यासारखा आहे. कच्ची लाख १३ व्या प्रकरणात डिंक-राळेबरोबर बसते, आणि सील करायच्या लाखेच्या कांड्या ३४ व्या प्रकरणात मेणांबरोबर. बूच, काच, पत्रा, लाख यांचे व्यापारी एकमेकांच्या बाजारात क्वचितच उतरत.

गुंता झाला तो एकाहून जास्त पदार्थांच्या झाकणांमुळे. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये क्राउन कॉर्कचे पेटंट घेतले. सोडा-लेमनच्या बाटलीवरचा दातेरी बिल्ला तो हाच: बाहेर पत्रा, आत बुचाची चकती. वायूचा दाब अडवण्याचे काम बूच करते, बूच जागेवर धरून ठेवण्याचे काम पत्रा. मग वस्तू बुचाची की पत्र्याची? सूचीने उत्तर दिले, पत्र्याची. आज ८३०९ चे पहिलेच उपशीर्षक, ८३०९ १०, क्राउन कॉर्कचे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आतली बुचाची चकती जाऊन प्लॅस्टिकचा थर आला, तरी वस्तूचे शीर्षक हलले नाही. मात्र तीच बुचाची चकती सुटी आयात केली तर ती ४५ व्या प्रकरणात जाते.

क्राउन कॉर्कला नाव मिळाल्याने प्रश्न सुटला. ज्यांना नाव नाही त्यांच्यासाठी अर्थ लावण्याचे सर्वसाधारण नियम आहेत. त्यातला नियम ३(ब) सांगतो की मिश्र वस्तूचे वर्गीकरण तिला मूलभूत स्वरूप देणाऱ्या पदार्थावरून करावे. वजन, किंमत, घनफळ, वापरातली भूमिका, यांतले काहीही निर्णायक ठरू शकते. अधिकारी वजन पाहतो, आयातदार भूमिका सांगतो, आणि दोघेही नियमाच्या बाहेर नसतात.

जिनिव्हाची नामावली पुढे १५ डिसेंबर १९५० च्या ब्रुसेल्स करारात रूपांतरित झाली आणि ती १९५९ मध्ये अमलात आली. भारत मात्र बराच काळ १९३४ च्या आपल्या टॅरिफ कायद्यावरच चालला. १९७५ चा सीमाशुल्क टॅरिफ कायदा ब्रुसेल्सच्या धर्तीवर बेतला गेला आणि ऑगस्ट १९७६ पासून लागू झाला.

इथे एक अडचण झाली, तिची झळ आयातदारांना दहा वर्षे लागली. देशात बनणाऱ्या मालावरच्या अबकारीची सूची वेगळी होती. तिची मांडणी पदार्थांच्या क्रमाने नव्हती. सरकारला ज्या ज्या वस्तूवर कर लावावासा वाटला, ती ती वस्तू यादीत वाढत गेली. क्राउन कॉर्क आणि पिल्फरप्रूफ कॅप (एकदा उघडले की ते कळून येते असे झाकण) यांना त्या यादीत स्वतंत्र नोंदी होत्या. जे कुठेच बसत नाही त्यासाठी १९७५ मध्ये ६८ क्रमांकाची ‘इतर सर्व’ नोंद आली. आयात मालावर मूळ सीमाशुल्काशिवाय अबकारीइतके अतिरिक्त शुल्कही लागे. म्हणजे एका झाकणाचे वर्गीकरण आधी ब्रुसेल्सच्या पद्धतीने करायचे आणि मग पुन्हा अबकारीच्या यादीत त्याची जागा शोधायची. दोन्हीकडे वेगळी शब्दयोजना, दोन्हीकडे वेगळा वाद.

जागतिक पातळीवर हार्मोनाइज्ड सिस्टिमचा, म्हणजे मालाच्या समान सहा आकडी वर्गीकरणाचा, करार जून १९८३ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. भारताने त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९८६ ला, सीमाशुल्क आणि अबकारी या दोन्ही सूच्या त्याच पद्धतीवर आणल्या. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत चांगली सुधारणा. दुहेरी वर्गीकरणाचा जाच तिने संपवला. जुन्या अबकारी यादीची खूण मात्र मिटलेली नाही. २००३ मध्ये भारताने आठ आकडी सूची स्वीकारली, त्यात ८३०९ ९० १० या नोंदीचे वर्णन असे आहे: पिल्फरप्रूफ कॅप, सर्व प्रकारच्या, बूच, रबर, पॉलिथिलीन वा इतर पदार्थांचे वॉशर असोत वा नसोत. जागतिक सूचीत हे शब्द नाहीत, ते आपल्या अबकारीतून आले. आणि ते उपयोगीच आहेत, कारण आत वॉशर कशाचा आहे हा प्रश्न ते आधीच निकाली काढतात. मिश्र झाकणांच्या आणखी नोंदी अशा नेमक्या शब्दांत असत्या, तर कितीतरी अपिले वाचली असती.

न्यायालयांतही पॅकिंगच्या साहित्याने बरीच जागा घेतली. १९९१ च्या जी. क्लॅरिज विरुद्ध कलेक्टर या खटल्यात अंड्यांचे ट्रे ‘पॅकिंग कंटेनर’ ठरतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने नाही म्हटले: कंटेनर म्हणजे ज्यात वस्तू बंद करून नेता येते ते, आणि ट्रे उघडा असतो. पॅकिंग म्हणजे काय, हे झाकता येण्यावरून ठरले. पुढे १९९४ मध्ये रोलाटेनर्सच्या खटल्यात छापील खोकी पॅकेजिंग उद्योगाची ठरली, तर १९९६ मध्ये मुंबईच्या मेटाग्राफ्सची अॅल्युमिनियमची छापील लेबले छपाई उद्योगाची. हे दोन निकाल शेजारी ठेवले की दिसते, पदार्थापेक्षा उपयोगाचा विचार करायची तयारी न्यायालयांनी वेळोवेळी दाखवली आहे. सूचीची रचना मात्र त्यांना पुन्हा पदार्थाकडे आणते.

मधल्या काळात दरांचे चित्र पालटले. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात कमाल सीमाशुल्क १५० टक्क्यांवर आणले गेले, म्हणजे त्याआधी ते किती असेल याची कल्पना यावी. १९९३ मध्ये ८५, १९९५ मध्ये ५०, १९९७ मध्ये ४०, आणि २००७ पर्यंत बिगरशेती मालाचा कमाल दर दहा टक्क्यांवर उतरला. बहुतेक झाकणे, मग ती कशाचीही असोत, एकाच पातळीवर आली. वर्गीकरणाचे वाद थंडावण्याजोगी ही स्थिती होती.

ती टिकली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये चालू खात्यावरची तूट आवरण्यासाठी सरकारने काही वस्तूंवरचे शुल्क वाढवले. त्यात प्लॅस्टिकची खोकी, बाटल्या, डबे यांवरचा दर दहावरून पंधरा टक्के झाला. दरांत पुन्हा फट पडली आणि १९२२ नंतर जे झाले तेच पुन्हा होऊ लागले.

व्यापार करारांमुळे तर शीर्षकाचे महत्त्व दरापेक्षाही वाढले आहे. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या, देशांशी झालेला करार २०१० पासून लागू आहे. त्याच्या सर्वसाधारण नियमानुसार सवलत हवी असेल तर किमान ३५ टक्के मूल्यवर्धन तिथले हवे, आणि कच्चा माल व तयार माल यांची सहा आकडी उपशीर्षकेही वेगळी हवीत. टिनप्लेट ७२ व्या प्रकरणातली, तिचा बिल्ला ८३ मधला. प्लॅस्टिकचे दाणे ३९०१ ते ३९१४ मधले, टोपण ३९२३ मधले. दोन्हीकडे आकडा सहज बदलतो. पण आसियानबाहेरच्या देशात बनलेली प्लॅस्टिकची टोपणे आसियान देशात नेऊन फक्त छापून आणली, तर उपशीर्षक तेच राहते आणि सवलत हातची जाते. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार माल कुठे आणि कसा बनला ही माहिती आयातदाराने स्वतः जवळ ठेवायची आहे. पुरवठादाराचे प्रमाणपत्र जोडले की झाले, असे आता नाही.

पातळ फॉइलच्या सीलबाबत सर्वांत जास्त काळजी घ्यावी. कागद किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असले तरी, अस्तर वगळून ०.२ मिलिमीटरपर्यंत जाडीची अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळीत आली तर ती ७६०७ मध्ये बसते. तीच बरणीच्या तोंडाच्या मापाने कापून आली, तर तिला झाकणाचे रूप आले का, हा प्रश्न निघतो आणि ८३०९ दारात उभे राहते. ऑर्डर देतानाच गुंडाळी की कापीव, हे ठरवून करारात लिहावे.

कंटेनरला लावायची शिसे वा पत्र्याची सीलेही ८३०९ मध्येच येतात, हे न्हावा शेवाला माल उतरवणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. रेल्वेच्या वाघिणीचे सील आणि सोड्याच्या बाटलीचा बिल्ला सूचीत एकाच घरचे.

माल निघण्याआधी उत्तर हवे असेल तर सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे जाता येते. जानेवारी २०२१ पासून ते दिल्लीप्रमाणे मुंबईतही काम करते. अर्जाला झाकणाचा नमुना, त्यातल्या प्रत्येक पदार्थाचे वजन व किंमत, आणि बाटली बंद राहते ती नेमकी कोणत्या थरामुळे याचे स्पष्टीकरण जोडावे.