मानेची नस की मनगटाची?

हाताला मुंग्या आल्या की आपल्याकडे पहिला संशय मानेवर. एक्स-रे निघतो, मणक्यांची झीज दिसते, गळ्यात पट्टा चढतो आणि हात बधिरचा बधिरच राहतो. पन्नाशीनंतर अशी झीज मान कधीच न दुखलेल्यांच्या एक्स-रेतही दिसते. तेवढ्यावरून मानेला दोष देणं चूक आहे.

मानेचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे: मान आखडते, कळ खांद्याच्या पात्यापासून दंडात उतरते, वर बघून दुखऱ्या बाजूला वळलं की वाढते.

मनगटात मात्र हाडांची पन्हळ आणि तिच्यावर जाड पट्ट्याचं झाकण आहे. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या 9 कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस जाते. अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंतची जाणीव या नसेकडे. कोळंबी सोलणं, नारळ खवणं, काजू कटरचा दांडा ओढणं, असं काम वर्षानुवर्षं झालं की आतली जागा कमी पडते आणि दबते ती नस. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हे होतं.

ओळखायचं कसं, तर अनामिकेवरून. कापसाचा बोळा तिच्या दोन्ही कडांवरून फिरवा. अंगठ्याकडची कड बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर दोष बहुधा मनगटात. मानेतली नस एक बोट असं उभं चिरत नाही. अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्यावरची त्वचाही शाबूत राहते, कारण तिची शाखा बोगद्याबाहेरून जाते. दोष मानेत असेल तर बधिरपणा अंगठ्यावरून कोपराखालच्या हातावर चढतो, किंवा मधल्या बोटाबरोबर कोपर सरळ करण्याचा जोर जातो. कळ कुठे जाते यावर विसंबू नका. मनगटाची कळही कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत चढते. ‘सगळा हात बधिर होतो’ असं वाटत असेल, तर मुंग्या आलेल्या असतानाच करंगळी तपासा; ती शाबूत असेल तर संशय मनगटावरच. नुसती करंगळीच बधिर असेल तर बहुधा कोपरातली नस, तो विषय वेगळा.

रात्री दोन-तीनला जाग येऊन हात झटकल्यावर बरं वाटतं? तेही मनगटाचंच लक्षण.

उपाय: झोपताना मनगटाचा स्प्लिंट (मनगट हलू न देणारा आधार), निदान 6 आठवडे. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बहुधा वर वाकलेली असते. ती काढून सपाट करा. मनगट सरळच हवं, बोटं मोकळी. क्रेप बँडेज आवळू नका, दाब वाढतो. ‘नस बसवून’ घेणं तर नकोच. बी-12च्या गोळ्या कमतरता असेल तरच. गुण नाही आला तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने बऱ्याच जणांना काही महिने आराम पडतो. मानेच्या एमआरआयसाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठण्याआधी नर्व्ह कंडक्शन तपासणीबद्दल (नसेतून संदेश कसा जातो ते मोजणारी) डॉक्टरांना विचारा.

अंगठ्याच्या बुडाचं मांस बसलं असेल, सदऱ्याचं बटण लावता येत नसेल, तर स्प्लिंटवर दिवस काढू नका. झाकणाचा पट्टा कापायची शस्त्रक्रिया तेव्हाच करून घ्यावी. उशीर झाला की मुंग्या थांबतात, पण गेलेलं मांस बहुतेकदा परत भरत नाही.