साच्यात धावणारा रस आणि क्ष-किरणांचे ठोके

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. कोल्हापूरच्या या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत बिडाचं कास्टिंग निवलं की आतला ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली पोकळी, क्ष-किरणांनी शोधता येतो. पण तोवर पोकळी पडून गेलेली असते. ती पडते कशी, हे बघायचं तर वितळलेल्या बिडाचा रस साच्यात धावत असतानाच चित्रं घ्यावी लागतात.

समजा, रस सेकंदाला अर्धा मीटर वेगानं चाललाय. किरण सेकंदाचा शंभरावा भाग चालू राहिले तरी तो 5 मिलिमीटर सरकतो आणि चित्र फरपटतं. तेच किरण 50 नॅनोसेकंदच पडले, तर सरकणं 25 नॅनोमीटर. म्हणजे रस जागीच थिजल्यासारखा दिसतो.

किरणांचा असा एक क्षणिक ठोका काढण्याची युक्ती जुनीच आहे. एर्विन मार्क्स यांनी 1924 मध्ये दाखवलेल्या जनित्रात वीज साठवणारे कपॅसिटर समांतर जोडून भरतात आणि ठिणग्यांच्या फटींतून एकसरीत रिकामे करतात. 30 किलोव्होल्टचे दहा कपॅसिटर मिळून जवळपास 300 किलोव्होल्ट देतात. त्या विद्युतदाबानं निर्वातातले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात, अडतात आणि क्ष-किरण निघतात. निघतात म्हणजे किती? ऊर्जेच्या जेमतेम दोनेक टक्के. बाकी सगळी उष्णता.

खरी परीक्षा दुसऱ्या ठोक्याला. प्रवाह 1 किलोअँपिअर धरला तर एका ठोक्यात अवघी 15 ज्यूल ऊर्जा लागते. सेकंदाला शंभर ठोके म्हटले की 1500 वॉट, म्हणजे एका इस्त्रीएवढी उष्णता, आणि तीही काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर! म्हणून लक्ष्य, म्हणजे ते टंगस्टन, फिरतं ठेवतात किंवा पाण्यानं थंड करतात. ठिणगीच्या फटीतला वायूही तापून विरळ झालेला असतो. तो सावरायच्या आत विद्युतदाब चढवला तर फट अवेळीच पेटते. मग तिथं वायूचा झोत सोडायचा, नाहीतर ठिणगीला रजा देऊन अर्धवाहक स्विच बसवायचे. मला दुसरा मार्ग पटतो. तो महाग आहे, पण ठोके एकसारखे पडतात. आणि एकामागून एक चित्रं ताडून बघायची तर ते एकसारखेच हवेत.

मर्यादाही आहे. 300 किलोव्होल्टचे किरण जाड बिडात लवकर विरतात. त्यांच्याहून कितीतरी जोरकस, 10 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरणसुद्धा लोखंडात दर दीड सेंटीमीटरला निम्मे होतात. तेव्हा सुरुवात पातळ नमुन्यांपासूनच करावी लागेल, आणि त्याआधी जाड काँक्रीटची खोली बांधून अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना काढावा लागेल.