बर्ड फ्लूची भरपाई वेगळी, परदेशी सज्जता निधी वेगळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात पोल्ट्रीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बर्ड फ्लूसाठी परदेशातून कोट्यवधी रुपये आले, मग आमच्या कोंबडीमागे एवढीच भरपाई कशी?" उलट बाजूनेही तोच घोळ होतो. कुणी भरपाईबद्दल विचारलं की उत्तरात जागतिक बँकेचा प्रकल्प आणि नव्या प्रयोगशाळा सांगितल्या जातात. विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही दोन वेगळ्या थैल्या एक समजतात, आणि त्यात शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. मला याचा मनापासून त्रास होतो.

भरपाई खान्देशातल्या पोल्ट्रीवाल्याला शिकवायची गरज नाही. भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल पॉझिटिव्ह आला की बाधित शेडपासून ठरलेल्या परिघातले पक्षी मारले जातात. अंडी आणि खाद्य नष्ट होतं, पंचनामा होतो आणि पक्ष्याच्या प्रकारानुसार दर लागतो. निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. तो परदेशातून येत नाही.

सज्जता निधी म्हणजे रोग येण्याआधीच्या तयारीचा पैसा, त्याचं काम निराळं आहे. जानेवारी २००६ मध्ये बीजिंगला देणगीदार देशांची परिषद झाली आणि बर्ड फ्लू व संभाव्य महासाथीसाठी सुमारे १९० कोटी डॉलरची वचनं दिली गेली. त्याच महिन्यात जागतिक बँकेने ५० कोटी डॉलरपर्यंतचा कार्यक्रम मंजूर केला. पुढच्याच महिन्यात नवापुरात देशातला पहिला उद्रेक जाहीर झाला, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग सापडला. दोन्ही बातम्या एकाच हंगामात आल्या. माझ्या मते लोकांच्या मनात त्या तेव्हाच एकमेकींना चिकटल्या, त्या आजतागायत सुटलेल्या नाहीत.

पण तो पैसा मेलेल्या कोंबडीची किंमत म्हणून जमवलेला नव्हता. देणगीदारांची भीती अशी होती की हा विषाणू उद्या माणसाकडून माणसाकडे पसरायला लागेल. नवापुरात तेव्हा कुणा माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही, पण भीती खरीच होती. म्हणून पैसा पशुवैद्यकांचं प्रशिक्षण, प्रयोगशाळा, रोगावरची नजर, रुग्णालयांची तयारी अशा कामांना गेला. कोविडनंतर २०२२ मध्ये जागतिक बँकेत पँडेमिक फंड, म्हणजे महासाथींच्या तयारीचा निधी, उभा राहिला. त्यातून भारताच्या पशुआरोग्यासाठी अडीच कोटी डॉलरचं अनुदान मिळालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो प्रकल्प सुरू झाला. अंमलबजावणीत आशियाई विकास बँक, जागतिक बँक आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आहेत. ही रक्कम दोनशे कोटी रुपयांच्या आसपास, तीही सगळ्या देशासाठी. कोंबड्यांच्या संख्येने भागून प्रत्येकाचा वाटा काढायचा, हा हिशेबच चुकीचा आहे. एकूण परदेशी पैशात कर्ज किती आणि अनुदान किती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. शेडवर उभ्या असलेल्या माणसाला त्या वादाने काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो इथे. भरपाई पक्ष्यासाठी असते. सज्जता निधी दिवसांसाठी असतो. पहिली कोंबडी मान टाकते तिथपासून भोपाळचा अहवाल हातात येईपर्यंत जे दिवस जातात, ते कमी करणं हेच त्या निधीचं काम. २००६ मध्ये सुरुवातीला ही मर राणीखेतची आहे असं समजलं गेलं. राणीखेत इथल्या प्रत्येक पोल्ट्रीवाल्याच्या ओळखीचा रोग, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविकच होतं. पण त्या समजुतीत जे दिवस गेले, त्या दिवसांत पक्षी विकले गेले, गाड्या फिरल्या, ट्रे एका शेडवरून दुसऱ्या शेडवर गेले. तालुक्याच्या पातळीवर नमुना वेळेत आणि नीट घेणारा माणूस असणं, नमुना बर्फात ठेवून पुण्यामार्गे भोपाळला पोचणं, अहवाल लवकर परत येणं, या साखळीवर सज्जतेचा पैसा खर्च व्हायला हवा.

आता जो मुद्दा जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो सांगतो. भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. समजा दहा हजार लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, शेड आहे. अहवाल यायच्या आत चार हजार मेल्या, तर भरपाईचा हिशेब उरलेल्या सहा हजारांचा. अहवाल चार दिवस आधी आला असता तर कदाचित नऊ हजारांचा झाला असता. म्हणजे सज्जतेचा पैसा तुमच्या खात्यात कधीच येणार नाही, पण तो नीट खर्च झाला तर तुमच्या खात्यात येणारी भरपाई वाढते. रावेर-यावलचा केळीवाला हे लगेच ओळखेल: हवामान केंद्राच्या खर्चात तो वाटा मागत नाही, पण केंद्र बंद असलं तर त्याच्या नोंदींवर ठरणाऱ्या पीक विम्याचं काय होतं हे त्याला पक्कं माहीत असतं.

उलट दिशेनेही हे खरं आहे. भरपाई कमी किंवा उशिरा मिळणार असं दिसलं की लोक मर लपवतात, पक्षी घाईने विकतात, आणि मग कितीही भारी प्रयोगशाळा असली तरी तिच्याकडे नमुनाच येत नाही. म्हणूनच नायजेरियासारख्या देशात जागतिक बँकेच्या बर्ड फ्लू प्रकल्पातच भरपाईचा भाग ठेवला होता. आपल्याकडे ती केंद्र-राज्यांची जबाबदारी आहे, आणि ती तशीच राहावी असं माझं ठाम मत आहे. घरच्या शेतकऱ्याचं नुकसान भरून द्यायला देणगीदारांच्या बैठकीची वाट बघायची नसते.

नावाने फसवणारी आणखी एक गोष्ट होती. जागतिक बँकेने २०१७ मध्ये महासाथीचे रोखे काढले. मृत्यू आणि प्रसार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावरच त्यातला पैसा सुटणार होता. कोविडमध्ये तो सुटला एप्रिल २०२० मध्ये, तोवर रोग जगभर पोचलेला होता. माणसं मेल्यावर मिळणाऱ्या पैशाला मी सज्जता म्हणणार नाही.

सीमेचा मुद्दाही इथलाच आहे. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. २००६ मध्ये पलीकडच्या उच्छल तालुक्यातही रोग सापडला होता. भरपाईचा आदेश राज्याच्या हद्दीत थांबला तरी चालतं. रोगावरची नजर तिथे थांबली तर ती निरुपयोगी. आणि धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरोघरी पाचदहा गावठी कोंबड्या असतात, त्या मेल्या तर कुणाला कळवायचं हेच घरच्या बाईला ठाऊक नसतं. सज्जतेचा पैसा तिथपर्यंत पोचला नाही तर भोपाळची यंत्रं कितीही चांगली असोत, उपयोग नाही.

तेव्हा तालुक्याच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. भरपाईसाठी: या वर्षीचा दर काय, पंचनाम्याची प्रत कधी मिळणार, पैसे किती दिवसांत जमा होणार? सज्जतेसाठी: आज माझ्या शेडवर मर सुरू झाली तर नमुना घ्यायला कोण येणार, तो किती तासांत निघणार, अहवाल कितव्या दिवशी येणार? दुसऱ्याचं उत्तर रुपयांत दिलं, तर ते मान्य करू नका, दिवसांत मागा.